बारा आण्यांचा मसाला

बँकेच्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग दोन ओळींचा असतो. पाठवणाऱ्याच्या खात्यातून पाच हजार वजा करा. घेणाऱ्याच्या खात्यात पाच हजार जमा करा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगीही या दोन ओळी लिहून देईल, आणि त्या बरोबर असतील.

मग त्यासाठी शेकडो माणसं, कित्येक वर्षं आणि कोट्यवधी रुपये का लागतात? पहिली ओळ चालली आणि दुसरी चालायच्या आत वीज गेली तर काय, इथपासून सुरुवात होते. पाठवणाऱ्याचे पैसे गेले, घेणाऱ्याला मिळाले नाहीत, बँकेच्या हिशेबात पाच हजारांची तूट. त्याच क्षणी त्याच खात्यातून घरातलं दुसरं कुणी एटीएमवर पैसे काढत असेल तर? पाठवणारा माणूस तोच आहे हे कुणी तपासलं? त्याला एवढी रक्कम पाठवायची मुभा आहे का? वर्षभराने ऑडिटरने विचारलं तर नोंद कुठली दाखवायची? आणि हेच काम एका वेळी वीस हजार लोकांनी सांगितलं तर?

या प्रश्नांना उत्तरं देणारा कोड त्या दोन ओळींच्या कैक पट भरतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपण उधळपट्टीला लावतो. मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये मात्र खर्चाचं रास्त प्रमाणच ते आहे. मसाला टाळता येत नाही. तो प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या घरी वाटायचा, की कुणीतरी एकदाच वाटून सगळ्यांना पुरवायचा, एवढंच ठरवायचं उरतं. सर्व्हरवरच्या प्रोग्रामिंगचा इतिहास म्हणजे बराचसा याच गोष्टीवरून झालेला वाद आहे, आणि तो सगळ्यात कडाक्याने झाला जावा भाषेच्या जगात.

तिकडे जाण्याआधी रेल्वेच्या आरक्षणाकडे पाहू, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते तिथे लख्ख दिसतं. एसी डब्यांचं तत्काळ आरक्षण सकाळी दहाला उघडतं, बिगर-एसीचं अकराला. समजा एका गाडीत एकच बर्थ उरला आहे. नागपुरातल्या एका बाईंनी आणि पुण्यातल्या एका गृहस्थांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांच्या वतीने सर्व्हरवर एकेक काम सुरू झालं. पहिल्या कामाने डेटाबेसला विचारलं, किती बर्थ शिल्लक? उत्तर आलं, एक. दुसऱ्यानेही तेच विचारलं आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं, कारण पहिल्याने अजून काही लिहिलेलं नाही. पहिल्याने एकातून एक वजा केला, शून्य लिहिलं, तिकीट दिलं. दुसऱ्याने एकातून एक वजा केला, शून्य लिहिलं, तिकीट दिलं. डेटाबेसमध्ये शून्य आहे, म्हणजे हिशेब जुळला. गाडीत मात्र एका बर्थवर दोन माणसं आणि मध्ये टीसी.

यात चुकीची ओळ शोधायला गेलात तर सापडणार नाही. दोन्ही कामं एकेकटी चालवून पाहिली तर दर वेळी बरोबर उत्तर देतात. दोघं एकाच वेळी आत आले की गोंधळ होतो, म्हणून ही चूक प्रोग्रामरच्या टेबलावर कधी दिसत नाही. ती दहा वाजताच्या गर्दीत दिसते.

यावर उपाय म्हणजे नोंदीला कुलूप लावणं. पहिलं काम वाचायच्या आधीच त्या नोंदीवर लॉक घेतं, दुसऱ्याला थांबावं लागतं. पण लॉक धरून ठेवलेला माणूस पैसे भरायच्या पानावर कार्ड शोधत बसला तर मागे सगळी रांग तुंबते. म्हणून माणूस विचार करत असताना लॉक धरायचं नाही, असा अलिखित नियम आहे. पैसे आधी घ्यायचे आणि बर्थ त्यानंतर निमिषार्धात पकडायचा. पैसे कापले पण तिकीट मिळालं नाही, परतावा दोन-तीन दिवसांत येईल, हा जो निरोप रेल्वेच्या प्रवाशांना अधूनमधून मिळतो, त्यामागे बऱ्याचदा हा निर्णय असतो. तो वाईट वाटतो, पण एका बर्थवर दोन तिकिटं देण्यापेक्षा कमी वाईट आहे.

‘सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही’ अशा कामाला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. त्यामागचं बरंच शास्त्र आयबीएममध्ये आणि नंतर इतरत्र काम केलेल्या जिम ग्रे यांनी सत्तरच्या दशकात उभं केलं. त्यासाठी त्यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. प्रत्यक्ष वापर तर त्याही आधीचा. आयबीएमचं सीआयसीएस हे सॉफ्टवेअर १९६९ मध्ये आलं. कोबोलमध्ये लिहिणाऱ्याने आपल्या धंद्याचं तेवढं लिहावं, हजारो टर्मिनलं सांभाळणं, लॉक आणि अर्धवट राहिलेली कामं मागे घेणं हे सीआयसीएसने करावं, अशी वाटणी त्यात होती. आपल्याकडे रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशा पाच केंद्रांवर पसरलं. १९९९ मध्ये ती केंद्रं एकमेकांना जोडली गेली. २००२ मध्ये आयआरसीटीसीचं संकेतस्थळ आलं, ते या यंत्रणेच्या पुढ्यात उभं राहिलेलं नवं दार होतं. बर्थ कुणाचा, हे ठरवणारं यंत्र आतलंच राहिलं.

वेबने हे सगळं उलटंपालटं केलं. सीआयसीएसच्या टर्मिनलवर बसणारे कारकून किती, हे बँकेला ठाऊक असायचं. वेबवर कोण आणि किती येतील ते कुणालाच सांगता येईना. सुरुवातीच्या वेबवर सीजीआय नावाची पद्धत होती. कुणी पान मागितलं की सर्व्हर एक नवा प्रोग्राम सुरू करायचा. तो डेटाबेसशी जोडणी उघडायचा, पान तयार करायचा आणि मरायचा. पुढच्या माणसासाठी पुन्हा नवा जन्म. दिवसाला पाचशे माणसं येत असतील तर चालून जायचं. पाच हजार एकदम आली की सर्व्हर पडायचा.

जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणली ती ब्राउझरमध्ये हलणारी चित्रं दाखवणारी भाषा म्हणून. ॲपलेट नावाची ती चित्रं आज कुणाला आठवतही नाहीत. भाषा टिकली ती सर्व्हरवर. १९९७ मध्ये सर्व्हलेट आले. त्यात प्रोग्राम एकदा सुरू होतो आणि चालूच राहतो, आणि प्रत्येक मागणी त्यातल्याच एका थ्रेडला दिली जाते. जन्ममरणाचा फेरा संपला. शिवाय मेमरी मोकळी करण्याचं काम भाषा स्वतःच करते, त्यामुळे महिनोन् महिने चालणाऱ्या प्रोग्रामसाठी सी किंवा सी-प्लस-प्लसपेक्षा ती बरी पडली. विंडोजच्या टेबलावर लिहायचं आणि सन किंवा आयबीएमच्या महागड्या यंत्रावर न बदलता चालवायचं, ही सोय मोठ्या कंपन्यांना फारच आवडली.

पण सर्व्हलेटमध्ये मसाला अजून घरीच वाटावा लागत होता. त्याची एक बारीकशी झलक पाहू. डेटाबेसशी जोडणी उघडणं हे वेळखाऊ काम आहे, म्हणून चाळीसेक जोडण्या आधीच उघडून ठेवतात. याला कनेक्शन पूल म्हणतात. काम आलं की एक उचलायची, झालं की जागेवर ठेवायची. प्रोग्रामर शेवटच्या ओळीत लिहितो, जोडणी परत ठेवा. आता एखाद्या ग्राहकाने पिनकोडच्या जागी गावाचं नाव टाइप केलं. मधल्या कुठल्यातरी ओळीवर कोड अडखळला आणि थेट बाहेर पडला. शेवटची ओळ आलीच नाही. एक जोडणी कायमची गेली, पण एकोणचाळीस शिल्लक आहेत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसभरात असे चाळीस ग्राहक झाले की दुपारी तीनच्या सुमाराला पूल रिकामा. त्यानंतर येणारा प्रत्येक जण जोडणीची वाट पाहत उभा. पडद्यावर चक्र फिरतंय, सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत. सपोर्टवाला रीस्टार्ट करतो, सगळं सुरळीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपार होते. ‘रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करावा’ अशी सूचना एखाद्या ऑफिसात भिंतीवर दिसली, तर त्या पुठ्ठ्यामागे बहुधा अशीच एखादी न पोचलेली ओळ असते.

चुका अशा प्रत्येक प्रोग्रामरच्या हाती सोडल्या तर हजारो जण त्या हजारो वेळा करणार. म्हणून मसाला एकदाच, जाणत्या हातांनी वाटावा, ही कल्पना पुन्हा वर आली. आयबीएमने सुरू केलेलं काम उचलून सनने मार्च १९९८ मध्ये एंटरप्राइझ जावाबीन्स, म्हणजे ईजेबी, जाहीर केलं. डिसेंबर १९९९ मध्ये ते जेटूईई नावाच्या मोठ्या गाठोड्याचा भाग झालं. प्रोग्रामरने धंद्याच्या त्या दोन ओळी एका ‘बीन’मध्ये लिहाव्यात. ती बीन कंटेनर नावाच्या यंत्रणेत ठेवावी. ट्रॅन्झॅक्शन, सुरक्षा, कनेक्शन पूल, थ्रेड, गरज पडल्यास कामाची दहा यंत्रांवर विभागणी, हे सगळं कंटेनर पाहील. कागदावर वाचताना आजही हे पटतं. ते लिहिणारे लोक अडाणी नव्हते. सीआयसीएससारख्या यंत्रणांचा अनुभव असलेली माणसं त्यात होती.

कंटेनर विकणाऱ्यांचं चांगलंच फावलं. बीईए ही कंपनी बिल, एड आणि आल्फ्रेड या तीन संस्थापकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून नाव घेतलेली. तिने १९९६ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेली टक्सिडो ही ट्रॅन्झॅक्शन सांभाळणारी यंत्रणा ताब्यात घेतली होती. १९९८ मध्ये वेबलॉजिक विकत घेतलं. आयबीएमने वेबस्फिअर आणलं. प्रोसेसरमागे हजारो डॉलर मोजून बँका, विमा कंपन्या आणि टेलिफोन कंपन्या ते घेऊ लागल्या.

दुखणं लिहायला बसल्यावर सुरू व्हायचं. ‘खातं’ ही एक साधी गोष्ट बीन म्हणून मांडायची तर एक होम इंटरफेस, एक रिमोट इंटरफेस, एक खुद्द बीनचा वर्ग, कधी प्रायमरी-कीचा वेगळा वर्ग, वर एक एक्सएमएल फाइल, आणि ज्या कंपनीचा कंटेनर घेतलाय तिची आणखी एक एक्सएमएल फाइल. बीनच्या वर्गात सात ठरावीक मेथड लिहिणं सक्तीचं. ईजेबी-ॲक्टिव्हेट, ईजेबी-पॅसिव्हेट, ईजेबी-लोड, ईजेबी-स्टोअर वगैरे. त्यातल्या बहुतेक रिकाम्याच राहायच्या. उघडा महिरपी कंस, बंद महिरपी कंस, पुढची. नियमपुस्तकात सहा भूमिका सांगितलेल्या होत्या. बीन लिहिणारा, त्या एकत्र जोडणारा, सर्व्हरवर चढवणारा, सर्व्हर पुरवणारा, कंटेनर पुरवणारा आणि यंत्रणा सांभाळणारा. कल्पना अशी की बाजारात तयार बीन मिळतील, कंपन्या त्या आणून जोडतील. तो बाजार काही भरला नाही. सहा भूमिकांतल्या पहिल्या तीन एकच माणूस रात्री साडेनऊपर्यंत बसून पार पाडायचा.

याहून मोठी चूक नेटवर्कबाबत होती. सुरुवातीच्या ईजेबीने असं धरून चाललं की बीन आणि तिला बोलावणारा कोड वेगवेगळ्या यंत्रांवर असू शकतात, म्हणून प्रत्येक हाक नेटवर्कवरून गेल्यासारखीच जायची. ग्राहकाचं नाव विचारलं, एक फेरी. पत्ता विचारला, दुसरी फेरी. फोन, तिसरी. दोघं एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी असले तरी शिष्टाचार तोच. त्यात भर म्हणजे शंभर ग्राहकांची यादी हवी असेल तर अनेक कंटेनर आधी डेटाबेसकडून शंभर क्रमांक मागवायचे आणि मग प्रत्येक क्रमांकासाठी वेगळी विचारणा करायचे. जे काम एका क्वेरीत होतं त्याला एकशे एक. डेटाबेसच्या माणसाने लॉग उघडला की कपाळाला हात.

यावरचे उपाय मग पुस्तकांतून येऊ लागले. २००१ मध्ये आलेलं जेटूईईच्या पॅटर्नचं पुस्तक त्या काळी प्रत्येक टीम-लीडच्या टेबलावर असे. त्यातले बरेचसे उपाय ईजेबीनेच दिलेल्या दुखण्यांवरचे आहेत, असं माझं मत आहे. नाव, पत्ता, फोन एकाच गठ्ठ्यात बांधून पाठवायचे, दहा बीनच्या पुढे एक दारवान बीन बसवायची, वगैरे. पुढच्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी आपल्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं की कामं अशी अनेक यंत्रांवर वाटायची असतील तर पहिला नियम म्हणजे वाटू नयेत. त्याच सुमाराला मायक्रोसॉफ्टने सनला तोंडघशी पाडलं. जेटूईई कसं लिहावं हे शिकवण्यासाठी सनने पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा एक नमुना प्रसिद्ध केला होता. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान डॉटनेटमध्ये कितीतरी कमी ओळींत लिहून दाखवलं आणि ते जास्त वेगाने चालतं अशी जाहिरातही केली. सनचे लोक म्हणाले, आमचा नमुना शिकण्यासाठी होता, शर्यतीसाठी नव्हता. ते खरंही होतं. पण ज्यातून शिकायचं तेच इतकं लांबलचक का, याला उत्तर नव्हतं.

त्या वर्षांत असा कोड लिहिणाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ होती. पुण्यात सीडॅकच्या डीएसी अभ्यासक्रमात जेटूईई शिकवलं जाई, दादर-डेक्कनच्या क्लासांच्या पाट्यांवर ‘कोअर जावा, ॲडव्हान्स जावा, जेटूईई’ असा चढता क्रम असे. सीप्झमध्ये आणि हिंजवडीत अमेरिकेतल्या विमा कंपन्यांसाठी, युरोपातल्या बँकांसाठी हजारो बीन लिहिल्या गेल्या. जितक्या जास्त फायली तितके जास्त माणूस-महिने, आणि बिल माणूस-महिन्यांवर. ईजेबीच्या सोहळ्याबद्दल आपल्याकडून फारशी तक्रार ऐकू आली नाही, त्याचं एक कारण हेही असावं असा माझा जुना संशय आहे.

तक्रार केली ती रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन माणसाने. त्याची डॉक्टरेट संगीतशास्त्रातली. लंडनमध्ये जेटूईईची मोठी कामं करून वैतागल्यावर त्याने २००२ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि सोबत सुमारे तीस हजार ओळींचा कोड दिला. त्याचं म्हणणं असं की कंटेनर ज्या सोयी देतो त्यांतल्या बहुतेक आम्हाला हव्याच आहेत, पण त्यांच्यासाठी आमच्या कोडने कंटेनरचा गणवेश घालायची गरज नाही. युर्गेन होलर आणि यान कारॉफ या दोन वाचकांनी त्याला गळ घातली की हा कोड सर्वांसाठी खुला कर. त्यातून स्प्रिंग आलं. पहिली पक्की आवृत्ती मार्च २००४ मध्ये. त्याच सुमाराला गेव्हिन किंग या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ईजेबीच्या डेटाबेसवाल्या बीनना कंटाळून लिहिलेलं हायबरनेट लोकप्रिय होत होतं.

स्प्रिंगची मूळ युक्ती ऐकायला फारच साधी आहे. जुन्या पद्धतीत बिलं काढणारा वर्ग स्वतः उठून विचारायचा, ‘या नावाचा डेटाबेस कुठे आहे?’ ही विचारणा जेएनडीआय नावाच्या नोंदवहीकडे जायची, आणि ती नोंदवही कंटेनरच्या आत. म्हणजे बिलाची बेरीज बरोबर आहे का एवढं तपासायचं तरी आधी अख्खा सर्व्हर चालू करा. त्याला काही मिनिटं लागत. एक ओळ बदलली की पुन्हा तेच. स्प्रिंगमध्ये वर्ग काही शोधत नाही. त्याला जे लागतं ते बाहेरून हातात दिलं जातं. खरा सर्व्हर असेल तर खरा डेटाबेस, तपासणी असेल तर खोटा, मेमरीतला. वर्गाला फरक कळत नाही, आणि तपासणी सेकंदात होते. टीमच्या कामाची सगळी लयच याने बदलली. दिवसातून चार वेळा तपासून पाहणारे लोक चाळीस वेळा पाहू लागले.

ट्रॅन्झॅक्शनसाठी मेथडच्या डोक्यावर ‘ॲट ट्रॅन्झॅक्शनल’ एवढा एक शेरा पुरेसा झाला. प्रोग्राम सुरू होताना स्प्रिंग तुमच्या वर्गाच्या पुढे एक प्रॉक्सी उभा करतं. बाहेरून आलेली हाक आधी त्याच्याकडे जाते. तो ट्रॅन्झॅक्शन उघडतो, हाक तुमच्या मेथडकडे देतो, ती नीट परतली तर कमिट करतो, म्हणजे काम पक्कं करतो, अपघात झाला तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागे घेतो. कोड इतका स्वच्छ दिसतो की नव्या माणसाला वाटतं, झालं. इथेच दोन खड्डे आहेत, आणि मुलाखतीत ते विचारले जातात ते उगीच नाही. पहिला म्हणजे एकाच वर्गातल्या एका मेथडने त्याच वर्गातल्या दुसऱ्या मेथडला बोलावलं तर हाक आतल्या आत जाते. प्रॉक्सी बाहेर उभा असतो, त्याला पत्ताच नसतो. शेरा लिहिलेला आहे, ट्रॅन्झॅक्शन मात्र उघडलंच नाही. दुसरा म्हणजे जावातल्या चुकांचे दोन प्रकार असतात, आणि वेगळं सांगितलं नाही तर स्प्रिंग त्यातल्या एकाच प्रकाराला रोलबॅक करतं. दुसऱ्या प्रकारची चूक फेकली गेली तर अर्धवट काम बिनदिक्कत कमिट होतं. पैसे वजा झाले, जमा झाले नाहीत, आणि डेटाबेसच्या मते सगळं ठीक. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कागदपत्रं कोण वाचतो.

अधिकृत बाजूनेही मग पडतं घेतलं. २००६ मध्ये ईजेबीची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात सात रिकाम्या मेथड गेल्या, एक्सएमएल बहुतांशी गेलं आणि डेटाबेसचा भाग हायबरनेटच्या वळणावर बेतला गेला. तोवर लोक निघून गेले होते. बीईए २००८ मध्ये ओरॅकलने घेतली, सन २०१० मध्ये ओरॅकलनेच. स्प्रिंगची कंपनी २००९ मध्ये व्हीएमवेअरने ४२ कोटी डॉलरना विकत घेतली. जेटूईईचा वारसा पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला आणि नावाच्या हक्कांवरून कोट्यवधी फायलींतला ‘जावाएक्स’ हा शब्द खोडून ‘जकार्ता’ लिहायची पाळी आली. बंडखोरांचंही पुढे तेच झालं. स्प्रिंगच्या एक्सएमएल फायली हजारो ओळींच्या झाल्या, आणि त्यांच्यावर उतारा म्हणून २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आणावं लागलं.

त्याच वर्षी मायक्रोसर्व्हिसेस हा शब्द सगळीकडे झाला. एक प्रचंड प्रोग्राम ठेवण्यापेक्षा त्याचे पन्नास छोटे करा, प्रत्येकाला स्वतःचा डेटाबेस द्या, प्रत्येकाची टीम वेगळी. मोठ्या कंपन्यांना याने खरंच हातपाय हलवायला जागा मिळाली. पण जी हाक स्प्रिंगने नेटवर्कवरून उचलून पुन्हा घरात आणली होती ती परत नेटवर्कवर गेली, आणि ट्रॅन्झॅक्शनची हद्द एका डेटाबेसपुरतीच राहिली. दोन डेटाबेसना एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधायची जुनी रीत आहे. समन्वयक आधी सगळ्यांना विचारतो, तयार आहात का? सगळे हो म्हणाले की मग सांगतो, करा. दोन्ही निरोपांच्या मध्ये समन्वयकच बंद पडला तर हो म्हणून बसलेले सगळे लॉक धरून ताटकळतात. शे-दोनशे बँका अशा बांधून ठेवल्या तर एकीच्या दुखण्याने सगळ्या आजारी पडतील. ईबेने हे फार आधी ओळखलं. त्यांनी वेगवेगळ्या डेटाबेसांवर पसरलेली ट्रॅन्झॅक्शन वापरणंच बंद केलं आणि हिशेब थोड्या वेळाने जुळवण्याची शिस्त पाळली.

यूपीआयचंही असंच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या एनपीसीआयने ते सुरू केलं. तुमच्या बँकेचा डेटाबेस वेगळा, भाजीवाल्याच्या बँकेचा वेगळा. दोघांना धरणारं एकच कुलूप नाही. आधी तुमच्या बँकेत वजा होतं, मग तिकडे जमा करा असा निरोप जातो. तो मध्येच हरवला किंवा त्या बँकेचं यंत्र वेळेत बोललं नाही, तर वजा झालेलं मागे घ्यायला उलटं ट्रॅन्झॅक्शन करावं लागतं. केलेलं काम पुसायचं नाही, त्याला निरस्त करणारं दुसरं काम करायचं. १९८७ मध्ये गार्सिया-मोलिना आणि सेलम या दोघांनी शोधनिबंधात मांडलेली ही कल्पना आज ‘सागा’ या नावाने पुन्हा शिकवली जाते. मधल्या काळात तुमच्या मोबाइलवर ‘पैसे कापले’ असं असतं आणि भाजीवाला म्हणतो, आले नाहीत. दोघंही खरं बोलत असतात.

हे किती वेळ चालू शकतं, याचं उत्तर प्रोग्रामरने नाही, रिझर्व्ह बँकेने दिलं. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीकडून दुसरीला यूपीआयने पाठवलेले पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराच्या बाबतीत मुदत पाच दिवस. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ग्राहकाने तक्रार केलेली नसली तरी. ज्या बँकेत हिशेब जुळवणारा कोड ढिसाळ आहे तिला त्याची किंमत आता रोजच्या रोज दिसते. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेवर इतकं नेमकं दरपत्रक मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

तयार मसाल्याची दुसरी बाजू डिसेंबर २०२१ मध्ये समोर आली. जावाच्या बऱ्याच सर्व्हरमध्ये काय घडलं ते नोंदवून ठेवायला लॉगफोरजे नावाची लायब्ररी असते. ती फुकट आहे आणि मोजके स्वयंसेवक ती सांभाळतात. २०१३ मध्ये तिच्यात एक सोय घातली गेली. नोंदवायच्या मजकुरात ठरावीक खुणांमध्ये जेएनडीआयचा पत्ता दिसला, तर तो शोधून काढायचा. जेएनडीआय म्हणजे तीच जेटूईईच्या काळातली नोंदवही. आठ वर्षांनी लक्षात आलं की हा पत्ता बाहेरच्या कुणाच्याही यंत्राचा असू शकतो. हल्लेखोराने लॉगिनच्या चौकटीत स्वतःच्या नावाऐवजी तो पत्ता टाइप करायचा. सर्व्हर इमानाने ते नाव नोंदवायला जाणार, खूण ओळखणार, तो पत्ता गाठणार आणि तिथे ठेवलेला कोड आणून स्वतःवर चालवणार. या दोषाला धोक्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले.

नवी आवृत्ती येईपर्यंतचा तात्पुरता उपाय एका ओळीचा होता, लायब्ररीच्या जार फाइलमधून जेएनडीआय-लुकअप हा एक वर्ग काढून टाकायचा. बहुतेक कंपन्यांचे पहिले काही दिवस मात्र ती लायब्ररी आपल्याकडे कुठे आहे हे शोधण्यात गेले. आमच्या प्रकल्पात लॉगफोरजे नाही, असं लोक छातीठोकपणे सांगत होते, आणि त्यांच्या यादीत ती खरोखर नव्हती. त्यांनी घेतलेल्या लायब्ररीने दुसरी घेतलेली होती, दुसरीने तिसरी. जावाच्या मुख्य सार्वजनिक भांडारात गुगलने मोजदाद केली तेव्हा ३५ हजारांहून जास्त पॅकेजेस या दोषाच्या कक्षेत आली. त्यातल्या बहुसंख्य पॅकेजेसमध्ये लॉगफोरजे थेट घेतलेली नव्हती. ती पाच-पाच पायऱ्या खाली बसलेली होती, काही ठिकाणी नवव्या.